वॅट, युनिट, एचपी, केव्हीए: विजेची मापं ओळखायची कशी आणि एकातून दुसऱ्यात न्यायची कशी

वीजबिलावर दोन आकडे असतात: मंजूर भार 3 किलोवॅट आणि एकूण वापर 145 युनिट. गीझरवर 2000 वॅट लिहिलेलं असतं, इन्व्हर्टरवर 900 व्हीए, त्याच्या बॅटरीवर 150 एएच, विहिरीवरच्या मोटरच्या पाटीवर 5 एचपी आणि गावाबाहेरच्या डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) 63 केव्हीए. हे सगळे आकडे विजेचेच, पण प्रत्येक जण वेगळी गोष्ट सांगतो. त्यांची सरमिसळ झाली की चुकीचा इन्व्हर्टर घेतला जातो, प्लग वितळतो, मोटर जळते. लागणारं गणित गुणाकार-भागाकारापुरतंच आहे. मोबाईलवरचा कॅल्क्युलेटर पुरतो.

आधी हे पक्कं करा: धार वेगळी, हंडा वेगळा

नळाची धार जोरात आहे की बारीक, हा एक प्रश्न. हंड्यात पाणी किती जमा झालं, हा दुसरा. वॅट म्हणजे धार. या क्षणी वीज किती जोराने वापरली जाते आहे, ते वॅट सांगतो. युनिट म्हणजे हंडा. ठरावीक वेळात एकूण किती वीज गेली, ते युनिट सांगतं. बिल हंड्याचं येतं. वायर, प्लग आणि एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) यांना मात्र धार सोसावी लागते.

1000 वॅट म्हणजे 1 किलोवॅट. 1 किलोवॅटचं उपकरण 1 तास चाललं की 1 युनिट पडलं. शंभर वॅटचा जुना पिवळा बल्ब दहा तास जळला तरी 1 युनिट, आणि 2000 वॅटचा गीझर अर्धा तास चालला तरी 1 युनिटच.

सूत्र एवढंच:

वॅट × तास ÷ 1000 = युनिट

युनिटचं शास्त्रीय नाव किलोवॅट-तास. मीटरवर ते केडब्ल्यूएच असं येतं. इथे एक चूक सर्रास होते, छापील मजकुरातसुद्धा: "किलोवॅट प्रति तास". "प्रति" आलं की भागाकार येतो. ताशी 60 किलोमीटर म्हणजे अंतराला वेळेने भागलेलं. किलोवॅट-तासात मात्र किलोवॅटला तासांनी गुणलेलं असतं. धार गुणिले वेळ म्हणजे पाणी. "ही मोटर तासाला 3 किलोवॅट खाते" हे वाक्यही म्हणूनच चूक. एक तर "मोटर 3 किलोवॅट घेते" म्हणा, नाही तर "तासाला 3 युनिट खाते" म्हणा. हा फरक डोक्यात बसला की पुढचं सगळं सोपं जातं, आणि तो बसला नाही तर पाठ केलेलं कोणतंही सूत्र वेळेवर दगा देतं.

घराचा हिशेब मांडून पाहा

कागदावर चार रकाने आखा: उपकरण, वॅट, रोजचे तास, महिन्याचे युनिट. वॅट उपकरणाच्या मागे किंवा खाली चिकटवलेल्या पट्टीवर सापडतात. एका साध्या घराचा नमुना असा:

- 3 छताचे पंखे, प्रत्येकी 75 वॅट, रोज 10 तास: दिवसाला 2.25, महिन्याला 67.5 युनिट
- 6 एलईडी बल्ब, 9 वॅट, 5 तास: महिन्याला 8.1
- टीव्ही, 80 वॅट, 5 तास: 12
- गीझर, 2000 वॅट, अर्धा तास: 30
- मिक्सर, 750 वॅट, 10 मिनिटं: 3.75
- वायफायचा राउटर, 10 वॅट, 24 तास: 7.2
- फ्रिज, स्टारच्या लेबलवर वर्षाला 200 युनिट: महिन्याला सुमारे 16.7

बेरीज जवळजवळ 145.

आता ही यादी नीट बघा. मिक्सर चालू झाला की घर दणाणतं, पण महिन्यात तो चार युनिटही खात नाही. राउटर कोपऱ्यात गुपचूप बसलेला असतो आणि मिक्सरच्या जवळजवळ दुप्पट खातो. सर्वांत मोठा वाटा पंख्यांचा. तेच तीन पंखे 30 वॅटचे बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) घेतले तर 67.5 ऐवजी 27 युनिट लागतात, महिन्याला 40 युनिट वाचतात. महावितरणच्या घरगुती दरात 100 युनिटनंतरचा टप्पा 300 पर्यंतचा आहे आणि त्याचा प्रति युनिट दर पहिल्या टप्प्याच्या जवळजवळ दुप्पट असतो. त्यामुळे वाचलेले हे 40 युनिट महागड्या टप्प्यातलेच असतात. 101 वं युनिट पडलं की सगळं बिल वरच्या दराने लागतं, असा समज आहे. तो खरा नाही. पहिल्या 100 युनिटना पहिलाच दर लागतो, वरच्यांना तेवढा वरचा.

फ्रिजचा हिशेब वॅट गुणिले 24 तास असा करू नका. कॉम्प्रेसर सतत चालत नाही, थंड झालं की बंद होतो. तिथे लेबलवरचा वार्षिक आकडा घेऊन 12 ने भागायचा. इस्त्रीचंही तसंच, थर्मोस्टॅट तिला अधूनमधून तोडतो.

वर्षभर अखंड चालणाऱ्या उपकरणासाठी एक आकडा लक्षात ठेवा: 1 वॅट वर्षभर चालला की 8.76 युनिट. सेट-टॉप बॉक्स रिमोटने "बंद" करूनही 8 वॅट घेत असेल, तर वर्षाला 70 युनिट त्यातच जातात.

मीटरच्या लुकलुकत्या दिव्यावरून वॅट मोजा

उपकरणावरची पट्टी पुसली गेली असेल, किंवा पट्टीवर विश्वास नसेल, तर मीटरच सांगतो. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकत असतो. त्याच्याजवळ प्रत्येक युनिटमागे किती लुकलुक होते ते छापलेलं असतं: 3200, 1600 किंवा दुसरा एखादा आकडा.

1. तो आकडा टिपून घ्या. 36,00,000 ला त्याने भागा. 3200 असेल तर 1125 येतात, 1600 असेल तर 2250.
2. घरातलं सगळं बंद करा. फ्रिज, राउटर, इन्व्हर्टरचं चार्जिंगसुद्धा. जे मोजायचं ते एकच चालू ठेवा.
3. मोबाईलवर स्टॉपवॉच लावा. दिवा लुकलुकला की चालू करा आणि त्या लुकलुकीला शून्य म्हणा, एक नाही. दहाव्या लुकलुकीला थांबवा. इथेच बहुतेकांचं चुकतं: पहिलीला एक म्हटलं की मधली अंतरं नऊच भरतात आणि उत्तर सुमारे दहा टक्क्यांनी फुगतं.
4. आलेल्या सेकंदांना 10 ने भागा. पहिल्या पायरीतल्या आकड्याला या उत्तराने भागलं की वॅट मिळाले.

उदाहरण: मीटर 3200 चा, फक्त बैठकीतला पंखा चालू, दहा लुकलुकींना 150 सेकंद लागले. एका लुकलुकीला 15 सेकंद. 1125 ÷ 15 = 75 वॅट. आता रेग्युलेटर दोनवर आणून पुन्हा मोजा. इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर असेल तर आकडा चांगलाच उतरतो. जुना, जाडजूड, गरम होणारा रेग्युलेटर असेल तर फार उतरत नाही, कारण पंख्याची वाचलेली वीज तो स्वतःच्या तारेत तापवून टाकतो.

सगळं बंद करूनही दिवा लुकलुकत राहिला, तर आधी बेल, राउटर, मोबाईलचे चार्जर तपासा. तेही काढले आणि तरी लुकलुकतो आहे, तर वायरिंगमध्ये कुठे तरी वीज गळते आहे किंवा तुमच्या मीटरनंतर दुसऱ्या कोणाची जोडणी आहे. हे स्वतः उकरू नका, परवानाधारक वायरमन बोलवा.

अँपिअर: प्लग आणि वायर यांची भाषा

आपल्याकडे घरात 230 व्होल्ट येतात असं धरून चालायचं. वॅटला 230 ने भागलं की अँपिअर, म्हणजे करंटचं माप. गीझर 2000 वॅट: 2000 ÷ 230 = 8.7 अँपिअर. तोंडी हिशेबासाठी, 1 किलोवॅटला साडेचार अँपिअर धरले तरी चालतं.

उलट दिशेने: लहान पिनचा बोर्ड 6 अँपिअरचा असतो. 6 × 230 = 1380 वॅट, ही त्याची मर्यादा. मोठा 16 अँपिअरचा, म्हणजे 3680 वॅट. एक हजार वॅटची इस्त्री लहान बोर्डावर चालते. गीझर, 2000 वॅटची इंडक्शन शेगडी, रूम हीटर यांना मोठाच बोर्ड हवा, आणि त्याच्यामागे वायरही तशीच हवी: दिव्या-पंख्यांना 1.5 चौरस मिलिमीटर, 16 अँपिअरच्या बोर्डाला 2.5, एसी आणि गीझरला 4. अॅडाप्टर लावून मोठी पिन लहान बोर्डात घुसवली की सुरुवातीला काहीच होत नाही, म्हणूनच माणूस निर्धास्त राहतो. आत मात्र पितळी पट्ट्या तापत असतात. करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. तापून पट्टी सैल होते, सैल झाली की आणखी तापते. प्लगभोवती पिवळट-तपकिरी डाग दिसला किंवा जळका वास आला, तर तो बोर्ड त्याच दिवशी बदला. मेन बंद केल्याशिवाय झाकण उघडू नका.

एमसीबी वारंवार पडते म्हणून 16 च्या जागी 32 ची बसवणं हा त्याहून वाईट उपाय. एमसीबी वायरला वाचवण्यासाठी असते. मोठी बसवली की वायर तापते आणि एमसीबी शांत राहते.

आता व्होल्टेज उतरल्यावर काय होतं ते. गीझरसारख्या नुसत्या तापणाऱ्या तारेत व्होल्टेज जितकं उतरेल, त्याच्या वर्गाच्या प्रमाणात वॅट उतरतात. 230 ऐवजी 190 व्होल्ट आले तर 2000 वॅटचा गीझर सुमारे 1365 वॅटचा होतो. पाणी तापायला वेळ लागतो, युनिट साधारण तेवढेच पडतात. 15 लिटर पाणी 35 अंशांनी तापवायला सुमारे 0.6 युनिट लागतात, मग ते 18 मिनिटांत तापो की 27 मिनिटांत. मोटरचं याच्या उलट. तिला पाणी उपसायचंच असतं, म्हणून व्होल्टेज उतरलं की ती करंट जास्त ओढते आणि आतलं वाइंडिंग तापतं. संध्याकाळी व्होल्टेज पडलेलं असताना मोटरी जळतात त्या यामुळे.

एचपी: मोटरच्या पाटीवरचा घोडा

1 एचपी म्हणजे 746 वॅट. जेम्स वॅटने अठराव्या शतकात वाफेच्या इंजिनाची तुलना घोड्याशी करून हे माप ठरवलं: साधारण 76 किलो वजन एका सेकंदात एक मीटर वर उचलण्याची ताकद. युरोपी गाड्यांच्या माहितीत येणारा पीएस थोडा लहान, 735.5 वॅटचा. पंपासाठी 746 धरायचे.

पाट्यांवर आता एचपीसोबत किलोवॅटही छापतात: 1 एचपीला 0.75, 3 ला 2.2, 5 ला 3.7, 7.5 ला 5.5, 10 ला 7.5.

इथे एक खाच आहे. पाटीवरची एचपी ही मोटरच्या दांड्यावर मिळणारी ताकद असते, मीटरमधून ओढलेली नव्हे. मोटरची कार्यक्षमता 80 टक्के धरली तर 5 एचपीचं गणित असं:

5 × 746 = 3730 वॅट दांड्यावर
3730 ÷ 0.80 = सुमारे 4660 वॅट मीटरमधून

म्हणजे ती तासाला 3.7 नव्हे, 4.7 च्या आसपास युनिट खाते. जुनी, दोन-तीनदा रिवाइंड केलेली मोटर आणखी खाते. घरच्या 1 एचपीच्या सिंगल फेज पंपाची कार्यक्षमता तर 65 टक्क्यांच्या आसपास असते. तो 750 नव्हे, साधारण 1150 वॅट घेतो.

पाणी वर चढवायला किती वीज लागते, तेही याच मापांनी निघतं. सोसायटीच्या टाकीत 10,000 लिटर पाणी 30 मीटर वर चढवायचं आहे. 10,000 × 9.81 (गुरुत्वाकर्षणाचा आकडा) × 30 = 29,43,000 जूल. 1 युनिट म्हणजे 36 लाख जूल, म्हणून हे झालं 0.82 युनिट. पंप, मोटर आणि पाइप मिळून 40 टक्के कार्यक्षमता धरली तर मीटरवर 2 युनिट. सोसायटीचा मीटर त्याच कामाला 4 दाखवत असेल, तर पंपाचा इंपेलर झिजला आहे, फूट व्हॉल्व्ह गळतो आहे किंवा पाइप लहान आहे. यापैकी काय ते शोधण्याआधी टाकीचं माप आणि मीटरचं आधीचं-नंतरचं रीडिंग लिहून ठेवा, नाही तर वायरमन आणि प्लंबर एकमेकांकडे बोट दाखवत राहतील.

केव्हीए: डीपी का जळते याचं उत्तर

व्होल्ट गुणिले अँपिअर केलं की व्हीए मिळतात. गीझरला, इस्त्रीला व्हीए आणि वॅट सारखेच. मोटरला मात्र चुंबकत्व तयार करण्यासाठी जादा करंट लागतो. तो तारांतून येतो-जातो, पण काम करत नाही. तारा, ट्रान्सफॉर्मर आणि जनरेटर यांना तो वाहावा लागतोच. म्हणून त्यांची ताकद वॅटमध्ये नव्हे, केव्हीएमध्ये लिहितात. 1000 व्हीए म्हणजे 1 केव्हीए. त्यातला जेवढा वाटा खऱ्या कामाला येतो, त्याला पॉवर फॅक्टर म्हणतात.

केव्हीए × पॉवर फॅक्टर = किलोवॅट

जनरेटरला पॉवर फॅक्टर 0.8 धरायची पद्धत आहे. 5 केव्हीएचा जनरेटर 4 किलोवॅटचा, 62.5 केव्हीएचा 50 किलोवॅटचा. मोटर सुरू होताना थेट स्टार्टरवर क्षणभर पाच-सहापट करंट ओढते, म्हणून 4 किलोवॅटच्या जनरेटरवर 5 एचपीची मोटर धड उठणारही नाही.

थ्री फेजचं सूत्र: 1.732 × व्होल्ट × अँपिअर × पॉवर फॅक्टर = वॅट. व्होल्ट दोन फेजमधले, 415. तोंडी हिशेबासाठी, 0.8 पॉवर फॅक्टरला 1 किलोवॅटला प्रत्येक फेजमध्ये पावणेदोन अँपिअर. आपल्या 5 एचपीला 4.66 किलोवॅट लागतात, म्हणजे फेजला सुमारे 8 अँपिअर.

हे टाँग टेस्टरने (वायरीभोवती जबडा लावून करंट मोजणाऱ्या यंत्राने) पडताळता येतं. जबड्यात एका वेळी एकच वायर घ्या. फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकत्र घेतल्या तर करंट एकमेकांना खोडतात आणि आकडा शून्य येतो, मग टेस्टर बिघडला असं वाटतं. तिन्ही फेज वेगवेगळ्या मोजा. 8, 8.2, 7.9 असं आलं तर ठीक. 8, 11, 6 आलं तर व्होल्टेज असमान आहे किंवा वाइंडिंगमध्ये दोष आहे. एका फेजला शून्य आणि उरलेल्या दोघांना 13-14 आलं तर एक फेज गेली आहे. मोटर लगेच बंद करा. अशा वेळी आपोआप तोडणारं सिंगल फेज प्रिव्हेंटर स्टार्टरमध्ये असायलाच हवं. ते "सारखं पडतं" म्हणून बायपास करून ठेवलेलं आढळतं, आणि रिवाइंडिंगच्या दुकानात जाणाऱ्या मोटरींमागे हे एक मोठं कारण असतं.

आता डीपी. 5 एचपीच्या एका पंपाला 4.66 किलोवॅट लागतात. कॅपॅसिटर (चुंबकत्वाचा जादा करंट जागीच पुरवणारा डबा) नसलेल्या मोटरीचा पॉवर फॅक्टर 0.8 धरला तर 4.66 ÷ 0.8 = 5.8 केव्हीए. 63 केव्हीएच्या डीपीवर असे 10 पंप बसतात, अकरावा अगदी काठावर. प्रत्येक पंपाला कॅपॅसिटर लावून पॉवर फॅक्टर 0.95 वर नेला तर एका पंपाला 4.9 केव्हीए पुरतात, आणि त्याच डीपीवर 12 पंप बसतात. कॅपॅसिटरचं माप केव्हीएआर: 5 एचपीला साधारण 2 केव्हीएआरचा लागतो, 3 एचपीला 1 चा, 7.5 ला 3 चा.

उलट बाजू पाहा. कागदावर 5 एचपी मंजूर असलेल्या दहा जणांपैकी सहा जणांनी साडेसातची मोटर बसवली. सहा × 8.7 आणि चार × 5.8 मिळून 75 केव्हीए झाले. 63 ची डीपी रात्री आठ तासांच्या थ्री फेज सप्लायमध्ये हा भार तेल तापवत सोसते, आणि एका रात्री जाते. मग ऐन भरणीच्या दिवसांत गहू-हरभऱ्याला पाणी नाही, दहाही जणांना. डीपी बदलून मागायला जाताना प्रत्येकाच्या मोटरीची खरी एचपी लिहिलेला कागद सोबत नेला तर 100 केव्हीएची मागणी आकड्यांवर उभी राहते. मोटरीला मंजुरीपेक्षा जास्त एचपी असेल तर भार वाढवून घ्या. लपवलेली अडीच एचपी डीपीला बरोबर समजते.

इन्व्हर्टर आणि बॅटरी

इथे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत, आणि दुकानात ते एकत्र करून विचारले जातात. इन्व्हर्टर किती व्हीएचा, म्हणजे एका वेळी काय काय चालेल? बॅटरी किती एएचची (अँपिअर-तासांची), म्हणजे किती वेळ चालेल? धार आणि हंडा, तेच.

900 व्हीएचा इन्व्हर्टर 0.8 ने गुणला तर 720 वॅट. चार पंखे, सहा दिवे, टीव्ही, राउटर मिळून साडेचारशेच्या आत बसतात. मिक्सर किंवा इस्त्री लावली की तो कुईं करून बंद पडतो.

बॅटरी: व्होल्ट × एएच = वॅट-तास. 12 × 150 = 1800, म्हणजे कागदावर 1.8 युनिट. हातात तेवढे येत नाहीत. लेड-अॅसिड बॅटरी पार रिकामी केली की लवकर मरते, म्हणून 80 टक्केच धरा: 1440. इन्व्हर्टरमध्ये 15 टक्के जातात: सुमारे 1220. 300 वॅटचा भार असेल तर चार तास. शिवाय 150 एएच हा आकडा बॅटरी 20 तासांत सावकाश रिकामी केली तरचा असतो. चार-पाच तासांत रिकामी केली तर तेवढी ताकद निघत नाही, म्हणून साडेतीन तास धरणं सुरक्षित. बॅटरी तीन वर्षांची झाली असेल तर त्याहून कमी.

पॉवर बँकेचा हिशेब असाच, फक्त व्होल्ट 3.7 घ्यायचे. 20,000 एमएएच म्हणजे 20 एएच, गुणिले 3.7 म्हणजे 74 वॅट-तास. विमानात हातातल्या सामानात 100 वॅट-तासांपर्यंतची चालते, म्हणून हा आकडा पॉवर बँकेवर छापलेला आहे का ते घेतानाच बघा. छाप नसेल तर विमानतळावर अडचण येते.

एसीचा टन

हे वजन नव्हे. एक अमेरिकी टन (सुमारे 907 किलो) बर्फ 24 तासांत वितळायला जेवढी उष्णता लागते, तेवढी खोलीतून बाहेर काढण्याचा वेग म्हणजे 1 टन, म्हणजेच 3.517 किलोवॅट. दीड टनाचा एसी 5.3 किलोवॅट उष्णता बाहेर फेकतो, पण वीज साधारण दीड किलोवॅटच घेतो, कारण तो उष्णता तयार करत नाही, उचलून नेतो. लेबलवरचे वार्षिक युनिट 1600 तासांच्या वापरावर काढलेले असतात. 800 युनिट लिहिलं असेल तर सरासरी तासाला अर्धं युनिट. तुमच्याकडे रात्री आठ तास, चार महिने चालत असेल तर 960 तास गुणिले 0.5, म्हणजे 480 युनिट.

बातमीतले मेगावॅट आणि छतावरचं सोलर

1000 किलोवॅट म्हणजे 1 मेगावॅट. कोयनेची क्षमता 1960 मेगावॅट. सगळे संच पूर्ण ताकदीने एक तास चालले तर 19 लाख 60 हजार युनिट. पण ती दिवसभर तशी चालत नाही. संध्याकाळी मागणी चढली की चालवायची, अशीच तिची वापरण्याची रीत आहे. बातमीत "रोज 500 मेगावॅट वीज मिळणार" असं वाचलं की विचारा: धार की हंडा? रोज मिळणारं माप युनिटमध्ये असायला हवं. हा फरक सोलरच्या बाबतीत फार महागात पडतो: औष्णिक केंद्रातला 1 मेगावॅट पूर्ण दिवस चालला तर 24,000 युनिट देतो, सोलरचा 1 मेगावॅट महाराष्ट्रात दिवसाला 4,000 च्या आसपास.

घरासाठीही तोच हिशेब: 1 किलोवॅट सोलर, दिवसाला सरासरी 4 युनिट. 3 किलोवॅटला 12, महिन्याला 360. पावसाळ्यात यात मोठी घट धरा. 2024 साली सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत 3 किलोवॅटला 78,000 रुपये अनुदान आहे, म्हणून विक्रेते सरसकट 3 किलोवॅट सुचवतात. वर मांडलेल्या 145 युनिटच्या घराला 145 ÷ 120, म्हणजे सव्वा किलोवॅट पुरतं. पावसाळा आणि पुढे येणारा एसी धरून 2 किलोवॅट. आधी स्वतःची 12 महिन्यांची बिलं काढा, युनिटची बेरीज करा, तिला 1440 ने भागा. येईल तो आकडा किलोवॅटमध्ये लिहून ठेवा आणि मगच कोटेशन मागवा.

सोलर बसल्यावर मीटर बदलून नेट मीटर येतो. त्याचा लाल दिवा वीज घेतानाही लुकलुकतो आणि देतानाही. त्यामुळे वर दिलेली मोजणी अशा घरात करायची असेल तर ती सूर्य मावळल्यावर करा.